वटवाघळांपर्यंत पोचलेले आपले जंतू

मिरजेतल्या एका लॅबमध्ये मी कल्चरचं काम करते. लघवी, पू, रक्त, थुंकी, जे येईल त्यातून जंतू वाढवायचे, ओळखायचे आणि त्यांच्यावर कुठलं अँटिबायोटिक चालतं ते बघून रिपोर्ट द्यायचा. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, इकडे सांगली-कोल्हापूर आणि तिकडे पार विजापूर-बेळगावकडचे पेशंट इथे येतात, त्यामुळे आमचा इनक्युबेटर कधी रिकामा नसतो.

प्लेट कशी दिसते ते आधी सांगते, कारण पुढचं बरंचसं तिच्यावरच अवलंबून आहे. गोल डिशमध्ये फिकट पिवळसर अगारचा, म्हणजे जंतू वाढायच्या जेलीचा थर असतो, त्यावर जंतूंचं गढूळ पाणी कापसाच्या काडीनं तीन दिशांनी फिरवून सगळीकडे सारखं लावायचं, मग चिमट्यानं छोट्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या, एकेका चकतीत एकेक औषध, आणि रात्रभर उबेत ठेवून द्यायचं. सकाळी उघडलं की सगळ्या प्लेटवर जंतूंचा दुधट थर आलेला असतो आणि ज्या औषधाला ते मरतात त्या चकतीभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ आम्ही पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजतो. मोठं असेल तर रिपोर्टात एस, म्हणजे चालेल. जंतू चकतीला खेटून वाढले असतील तर आर, म्हणजे हे औषध देऊन उपयोग नाही. आणि मेरोपेनेम या गंभीर पेशंटसाठीच्या मोठ्या अँटिबायोटिकच्या चकतीला जंतू खेटलेले दिसले की आम्ही रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबत नाही, सरळ वॉर्डला फोन लावतो, कारण पलीकडे आयसीयूत कुणीतरी नेमकं त्याच औषधावर असतं.

लघवीतला साधा ई. कोलाय घ्या, हा मुळात आतड्यात राहणारा जंतू. मी कामाला लागले तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीभोवती मोठं वर्तुळ दिसायचं, त्यात विशेष काही वाटायचं नाही. आता तसं दिसलं की मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावून दाखवते.

या झाल्या माणसांच्या प्लेटा. पण असल्याच प्लेटा जगात बऱ्याच ठिकाणी रानातल्या प्राण्यांच्या विष्ठेतूनही लावतात, आणि गेली काही वर्षं त्यात वटवाघळं पुन्हा पुन्हा यायला लागली आहेत. पोलंडमध्ये किडे खाणाऱ्या वटवाघळांत औषधांना न जुमानणारा ई. कोलाय मिळाला. पेरूमध्ये गुराढोरांचं रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायर वटवाघळांतही मिळाला, आणि तिथल्या गुरांतही. ज्या प्राण्यानं जन्मात कधी गोळी घेतली नाही, इंजेक्शन घेतलं नाही, त्याच्या पोटात आमच्या वॉर्डातल्यासारखे जंतू आले कुठून, हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला तो माझ्या धाकट्या बहिणीमुळे.

ती ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असते. लग्न होऊन गेली, आयटीत नोकरी करते, आणि शनिवार-रविवारी वटवाघळांची पिल्लं सांभाळते. तिकडे असे व्हॉलंटियर असतात, ट्रेनिंग घ्यावं लागतं, रेबीजची लस घेतल्याशिवाय वटवाघळाला हात लावू देत नाहीत, कारण ऑस्ट्रेलियातल्या वटवाघळांत रेबीजच्या जवळचा एक व्हायरस १९९६ मध्ये सापडलेला आहे. ती ज्यांना सांभाळते त्यांचं डोकं करड्या रंगाचं, मानेभोवती तांबूस-केशरी केसांचा पट्टा, आणि पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर. शास्त्रीय नाव टेरोपस पोलिओसेफॅलस. आपल्याकडे वडा-पिंपळावर लटकणारं मोठं वटवाघूळ टेरोपस मेडियस, म्हणजे सख्ख्या नाही पण चुलत बहिणीच या दोघी. हे वटवाघूळ ऑस्ट्रेलियाच्या पूर्व आणि आग्नेय भागातच मिळतं, सरकारनं त्याला धोक्यातल्या प्राण्यांत टाकलंय, आणि ॲडलेडमध्ये त्यांची कायमची वस्ती झाली ती २०१० पासून, शहराच्या मधोमध, बोटॅनिक पार्कातल्या झाडांवर.

शहरात का आली, तर रानातली फुलणारी झाडं तुटली. ही वटवाघळं निलगिरीच्या फुलांतल्या मधावर आणि फळांवर जगतात, कुठे फुलोरा आलाय ते शोधत वर्षाला हजारो किलोमीटर उडतात, आणि जेव्हा रानात काही उरत नाही तेव्हा लोकांच्या बागा आणि रस्त्यावरची झाडं तरी असतात, बारा महिने पाणी घातलेली. म्हणजे ती आपल्याजवळ आली ती आपण त्यांचं घर मोडलं म्हणून. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवते, पुढे लागणार आहे.

ॲडलेडचा उन्हाळा भयंकर असतो. २४ जानेवारी २०१९ ला तिथे ४६.६ डिग्री झालं होतं. साधारण ४२ च्या वर पारा गेला की ही वटवाघळं तग धरत नाहीत, आधी पंखांनी वारा घेतात, मग अंगाला थुंकी चोळतात, मग झाडाच्या खोडाला एकमेकांना चिकटून खाली खाली सरकत येतात आणि मग पडायला लागतात. आईला वर्षाला एकच पिल्लू होतं, ते साधारण ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे जानेवारीच्या उन्हात ती पिल्लं लहानच असतात. बहीण सांगते, मेलेल्या आईच्या छातीला पिल्लू तसंच धरून असतं, त्याचे नखांचे पाय केसांतून एकेक करून सोडवावे लागतात.

मग ते पिल्लू घरी येतं. मऊ कापडाची एक जाडसर गुंडाळी करतात, त्यावर पिल्लाला पालथं ठेवून पंखांसकट गुंडाळतात, आईच्या छातीवर असल्यासारखं. तोंडात रबरी चोखणी, कारण आईचं दूध ही पिल्लं पितात तसं ते स्तन तोंडात धरूनच राहतात, ती सवय मोडली तर घाबरतात. दर काही तासांनी पाव ते अर्ध्या बाटलीचं दूध, रात्री सुद्धा. दूध पाजून झालं की कोमट ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं, मग खालची बाजू पुसायची. थोडं मोठं झालं की कपडे वाळत घालायच्या स्टँडला उलटं लटकायला शिकवायचं, फळांच्या बारीक फोडी द्यायच्या, मग बाकीच्या पिल्लांबरोबर मोठ्या पिंजऱ्यात, आणि शेवटी वस्तीजवळच्या पिंजऱ्यात ठेवून एके रात्री दार उघडायचं. बहिणीनं मला व्हिडिओ कॉलवर एकदा पिल्लू दाखवलं, त्याचे डोळे एवढे मोठे आणि तपकिरी, आणि ते तिच्या अंगठ्याकडे बघत होतं. माझी आई शेजारी होती, ती म्हणाली, अगं हे तर कुत्र्याच्या पिल्लासारखंच आहे की.

आता संशोधनाकडे येते. सिडनीच्या मॅक्वारी युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी या करड्या डोक्याच्या वटवाघळांची विष्ठा गोळा केली, काही मोकळ्या वस्त्यांमधल्या झाडांखालून आणि काही माणसांच्या देखभालीत असलेल्या वटवाघळांची. त्यात त्यांनी शोधला औषधांना तोंड देणारी जीन्स गोळा करणारा, क्लास वन इंटिग्रॉन नावाचा डीएनएचा एक तुकडा. २०१९ मध्ये त्यांचा पेपर आला. मोकळ्या वटवाघळांत हा तुकडा शंभरात पाच-सहा जणांत होता. माणसांनी सांभाळलेल्यांत शंभरात चाळीसच्या आसपास.

बहिणीनं हा पेपर मला पाठवला आणि खाली लिहिलं, ताई, याचा अर्थ आम्ही वाचवतो त्यांनाच आम्ही हे देतोय का? मी लगेच उत्तर दिलं नाही. पेपर नीट वाचला, त्यातले जुने संदर्भ काढून वाचले, लॅबमधल्या मॅडमना विचारलं. त्या वाचनातून जे कळलं ते मला लिहायचं आहे, कारण आपल्याकडे वटवाघूळ आणि रोग हे दोन शब्द एकत्र आले की पुढचं बोलणं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे.

इंटिग्रॉन म्हणजे काय ते मला समजलं तसं सांगते. जंतूच्या डीएनएमध्ये एक कडी असते असं समजा, किल्ल्यांच्या जुडग्याची असते तशी, आणि त्या कडीला बाहेरून मिळालेली जीन्स एकेक करून अडकवता येतात. एक जीन एका अँटिबायोटिकला हरवणारं, दुसरं दुसऱ्याला. जंतूला कुठून नवं जीन मिळालं की कडीत अडकवलं, आणि हा सगळा जुडगा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या एका छोट्या सुट्या तुकड्यावर चढून एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो, कधी कधी वेगळ्याच जातीच्या जंतूकडे. जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीचे जंतू एकदम तीन-तीन चार-चार औषधांना दाद देईनासे झाले होते तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं की हे गुण गठ्ठ्यानं फिरतात, एकेक करून नाही.

कडी असणं यात नवीन काही नाही, मातीतल्या आणि पाण्यातल्या जंतूंकडे ती फार आधीपासून आहे. पण दवाखान्यांत जी क्लास वन कडी मिळते तिची गोष्ट वेगळी आहे. तिच्या एका टोकाला जवळजवळ नेहमी दोन ठरलेली जीन्स असतात, एक जंतुनाशक द्रावणांना तोंड देणाऱ्या जीनचा उरलेला तुकडा आणि दुसरं सल्फा औषधांना तोंड देणारं. सल्फा म्हणजे १९३० च्या दशकातली औषधं, पेनिसिलिन बाजारात यायच्या आधीची. म्हणजे ही विशिष्ट कडी माणसानं रसायनं वापरायला सुरुवात केल्यानंतर, कुठल्या तरी एका जंतूत एकदाच जुळून आली आणि मग जगभर पसरली असं मानतात. ती मिरजेत मिळते, मेलबर्नला मिळते, आणि जिथे मिळते तिथे तिचा डीएनए जवळजवळ अक्षरशः सारखा असतो. म्हणूनच मायकेल गिलिंग्ज हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये म्हटलं की माणसाचं प्रदूषण कुठवर पोचलंय हे मोजायचं तर ही कडी शोधा.

हे वाचल्यावर माझ्यापुरता बाण कुठल्या दिशेनं जातो ते स्पष्ट झालं. वटवाघळानं ही कडी बनवली नाही. ती त्याच्याकडे आपल्याकडून गेली.

कुणी म्हणेल, पण औषधांना न जुमानणं तर निसर्गात होतंच ना? होतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये लेचुगिया नावाची गुहा आहे, तिचा काही भाग चाळीस लाख वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेला आहे, आणि तिथल्या जंतूंवर २०१२ मध्ये काम झालं तेव्हा त्यातले काही जंतू आजच्या कितीतरी अँटिबायोटिक्सना सहज पचवताना दिसले. मातीतल्या बुरश्या आणि जंतू एकमेकांना मारायला ही रसायनं बनवत आलेत, तर त्यावरचा तोडही तितकाच जुना असणार. पण गुहेतल्या जंतूकडे तोड असणं वेगळं, आणि माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जंतूनं दवाखान्यात गोळा केलेल्या जीन्सचा जुडगा घेऊन वटवाघळाच्या पोटात बसणं वेगळं. पहिल्याबद्दल आपण काही करू शकत नाही. दुसऱ्याबद्दल करू शकतो.

आणि वटवाघूळ म्हणजे जात्याच घाण, असंही काही नाही. नायजेरियात इले-इफे इथल्या विद्यापीठाच्या आवारात पिवळसर रंगाच्या फळखाऊ वटवाघळांची मोठी वस्ती आहे. तिथल्या विष्ठेतले स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू तपासून २०१२ मध्ये पेपर निघाला, तर ते बहुतेक जंतू साध्या औषधांना मरणारे निघाले, आणि माणसांत फिरणाऱ्या जातींपेक्षा बरेच वेगळे. त्यातल्या एका गटाला पुढे २०१५ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे वटवाघळांचे त्यांचे स्वतःचे जंतू असतात, पिढ्यान्‌पिढ्यांचे, आणि त्यांना आपल्या औषधांशी काही देणंघेणं नसतं.

मग आपले जंतू त्यांच्यापर्यंत जातात कसे? घरी सांभाळलेल्या पिल्लांचं सरळ आहे, माणसाचे हात, माणसाच्या घरातली फडकी, दुधाच्या बाटल्या, आणि जखमी प्राण्याला दिलेली अँटिबायोटिक्स. बहिणीला मी हेच सांगितलं, की तुम्ही वाचवू नका असा याचा अर्थ मुळीच नाही, पण बाटली उकळताना आणि एका पिल्लावरून दुसऱ्या पिल्लाकडे जाताना हात धुणं हे आमच्या आयसीयूत जितकं महत्त्वाचं तितकंच तुझ्या बाथरूममध्ये आहे, कारण त्या पिल्लाला तू परत हजारोंच्या वस्तीत सोडणार आहेस. तिनं त्यानंतर पिल्लांची फडकी वेगवेगळी केली. तिच्या ग्रुपमध्ये डॉक्टरला विचारल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करायचं नाही हा नियम आधीपासून होताच.

पण ज्यांना कुणी हात लावला नाही त्या शंभरातल्या पाच-सहांचं काय? तिथे मला पाणी दिसतं.

फळखाऊ वटवाघूळ पाणी कसं पितं हे तुम्ही कधी बघितलंय का? आमच्याकडे कृष्णेवर उन्हाळ्यात बघायला मिळतं. दिवस मावळल्यावर, अजून थोडा उजेड असताना, एकेक करून ती नदीवर येतात. उतरत नाहीत. पाण्याला लागून खाली झेप घेतात, छाती आणि पोट पाण्यावरून घासत जातं, एक पांढरी रेघ उठते, आणि तसंच वर उठून झाडावर जातात. मग उलटं लटकून छातीचे ओले केस चाटतात. एवढंच त्यांचं पाणी पिणं. केसांत जे काही भिजून आलं ते सगळं जिभेवर.

आता त्या पाण्यात काय आहे ते बघा. सांगलीचं सांडपाणी वाहून नेणारा शेरीनाला कित्येक वर्षं कृष्णेत मिसळतो आहे, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. २०१९ च्या महापुरात तर ड्रेनेज, गोठे, दवाखाने, सगळ्यांचं पाणी एकच झालं होतं. आणि ही काही एकट्या सांगलीची गोष्ट नाही, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानंच २०२१ मध्ये आकडे दिलेत की भारतातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातलं प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३६ दशलक्ष लिटर. उरलेलं नद्या, ओढे, तळी, खाड्या यांत. त्या सांडपाण्यात आपण खाल्लेल्या अँटिबायोटिक्सचा न पचलेला भाग असतो, आपल्या आतड्यातले जंतू असतात, आणि एकत्र ठेवल्यावर ते जुडगे बदलतात. २०११ मध्ये दिल्लीत नळाचं आणि रस्त्यावर साचलेलं पाणी तपासलं होतं, तेव्हा मेरोपेनेमसारख्या औषधांना निकामी करणारं एनडीएम-१ हे जीन नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत निघालं. त्या जीनच्या नावात दिल्ली आहे म्हणून तेव्हा आपल्याकडे बराच संताप झाला, नावावरून. ५१ नमुन्यांवरून तेवढा झाला असता तर बरं झालं असतं.

हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत मिळालं होतं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मायक्रोग्रॅम असेल म्हणून परत वाचला. माणसाला गोळी दिल्यावर रक्तात जेवढं औषध चढतं त्याहून हे कितीतरी जास्त. अशा पाण्यात जो जंतू जगतो तो आमच्या चकतीला घाबरेल कशाला?

तर बगळे त्या पाण्यात उभे राहतात, म्हशी डुंबतात, कुत्री पितात, आणि अंधार पडताना वटवाघळं छाती बुडवून जातात. वटवाघळाचा मुद्दा एवढाच वेगळा की ते उडतं, एका रात्रीत कितीतरी किलोमीटर लांब जातं, आणि दिवसा शेकड्यांनी एका झाडावर एकमेकांना खेटून राहतं. शहराच्या नाल्यातलं काहीतरी डोंगरातल्या देवराईपर्यंत न्यायला एवढं पुरेसं आहे.

आता उलटा प्रश्न, जो सगळ्यांना आधी विचारायचा असतो. त्यांच्याकडून आपल्याला धोका किती? मला जेवढं वाचून आणि कामातून कळतं त्यावरून सांगते. मिरजेच्या आयसीयूत जो न बरा होणारा जंतू मिळतो तो दुसऱ्या पेशंटकडून, कॅथेटरवरून, हातांवरून, आधी खाल्लेल्या औषधांमुळे आलेला असतो. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट दगावली असा हिशोब २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि त्यांच्या मागे आहेत वॉर्ड, औषधांची दुकानं, कोंबड्यांचे शेड, गटारं. वटवाघूळ त्या रांगेत फार मागे उभं आहे. पण पूर्ण बाहेर आहे असंही म्हणता येत नाही. रानात एकदा हे जंतू मुरले की आपण माणसांत कितीही शिस्त आणली तरी एक साठा बाहेर राहतो आणि तो कधी कुठून परत येईल यावर आपला ताबा नसतो. बांगलादेशात खजुराच्या झाडाला लावलेल्या मडक्यांत वटवाघळांची लाळ आणि मूत्र पडून निपाह हा व्हायरस माणसांत आला हे सिद्ध झालेलं आहे. व्हायरसला जो रस्ता सापडतो तो जंतूलाही बंद नसतो.

म्हणून साधी काळजी घ्यावीच. वटवाघळानं चावलेलं फळ खाऊ नये, टाकी आणि आड झाकून ठेवावा, पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नये, गुहेत किंवा जुन्या देवळात त्यांच्या विष्ठेचा थर असेल तर झाडून काढताना तोंडाला फडकं बांधावं आणि आधी पाणी शिंपडावं. यातलं काहीच अवघड नाही.

पण आपल्याकडे बोलणं इथे थांबत नाही. पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे व्हायरसवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं, मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळं पकडून तपासली होती, त्यांत निपाहच्या खुणा मिळाल्या, आणि २०२१ च्या जूनमध्ये ती बातमी आली. त्या आठवड्यात माझ्या फोनवर जे मेसेज आले त्यांत गुहा बुजवा, धूर करा, झाडं पाडा, हेच जास्त. केरळात २०१८ ला निपाहनं १७ माणसं गेली तेव्हाही अशीच भीती होती, आणि भीती समजते मला, माणसं गेल्यावर कुणाला शहाणपण सुचेल. पण झाड पाडलं तर होतं काय? ऑस्ट्रेलियात हेंड्रा नावाचा व्हायरस आहे, वटवाघळांतून घोड्यांत आणि घोड्यांतून माणसांत जाणारा, १९९४ मध्ये पहिल्यांदा कळलेला. तिथल्या पंचवीस वर्षांच्या नोंदी लावून २०२२ मध्ये दाखवलं गेलं की हिवाळ्यात फुलणारी रानं तुटली, अन्नाची टंचाई आली, की वटवाघळं लहान लहान टोळ्यांनी शेतांत आणि वस्त्यांजवळ येतात आणि त्याच काळात रोग घोड्यांपर्यंत जातो. ज्या वर्षी उरलेल्या रानात भरपूर फुलोरा आला त्या वर्षी वटवाघळं तिकडे गेली आणि रोगही झाला नाही. मघाशी लिहून ठेवलेलं वाक्य ते हेच. घर मोडलं की ती आपल्या दारात येतात, आपल्या नाल्याचं पाणी पितात, आणि मग आपण त्यांच्याकडे बोट दाखवतो.

आपल्या कायद्यानंही त्यांना फार वर्षं नीट वागवलं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळ्या-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, म्हणजे कुणीही मारलं तरी चालेल. सांधेदुखीवर तेल म्हणून त्यांना मारणारे लोक मी स्वतः पाहिलेत. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली, हे चांगलं झालं. वडाचं आणि उंबराचं बी ती लांबवर नेऊन टाकतात. आणि बेळगावजवळ, भीमगडच्या जंगलात, बारापेडेची गुहा आहे, तिथे राहणारं राउटनचं वटवाघूळ तर फार काळ जगात तेवढ्या एकाच गुहेतून माहीत होतं. आमच्याकडचे पेशंट येतात त्याच पट्ट्यातली गुहा. तिथल्या वटवाघळांच्या पोटात कडी आहे का, हा प्रश्न मला झोपताना पडतो. नसावी असं फार वाटतं.

आपल्या हातात काय आहे? २०१४ पासून बरीचशी मोठी अँटिबायोटिक्स शेड्यूल एच वन मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दिलेल्याची नोंद ठेवायची. तरी मेडिकलमध्ये उभं राहिलं की ऐकू येतंच, सर्दी झालीय, अझीच्या, म्हणजे अझिथ्रोमायसिनच्या, तीन गोळ्या द्या. सर्दी व्हायरसची, अझीचा तिथे काही उपयोग नाही, पण त्या तीन गोळ्या पोटातल्या कोट्यवधी जंतूंना शिकवून जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संडासातून गावाच्या ड्रेनेजला लागतात. कोलिस्टिन हे आमच्याकडचं अगदी शेवटचं औषध, तेही कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळलं जायचं, २०१९ च्या जुलैत भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. बंदी घालता येते, हे त्यातून दिसलं. तशीच एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, चालवता येते, दवाखान्याचं पाणी गटारात सोडण्याआधी वेगळं शुद्ध करता येतं. खर्च आहे, पण मेरोपेनेमच्या एका कोर्सचं बिल ज्यांनी भरलंय त्यांना खर्च म्हणजे काय ते विचारा.

आणि बघायला तर पाहिजेच. माणसांचे रिपोर्ट आपण मोजतो, कोंबड्या-गुरांचे थोडेफार मोजतो, रानातल्या प्राण्यांचे जवळजवळ नाहीच. संक्रांतीच्या दिवसांत आमच्या भागात नायलॉन मांज्यात अडकलेली वटवाघळं येतात, पंखाचा पडदा कापलेला, कधी हाडापर्यंत. त्यांच्यावर उपचार करणारा एक तरुण जनावरांचा डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे. तो अंदाजानं अँटिबायोटिक देतो, कारण कल्चर करून देणारं कुणी नाही, माणसांच्या लॅब प्राण्यांचे नमुने घ्यायला तयार नसतात. गेल्या जानेवारीत मी त्याला स्वॅब कसा घ्यायचा ते दाखवलं, जखम आधी सलाइननं धुवायची, वरचा पू नाही तर खालच्या कडेचं घ्यायचं, औषध सुरू करायच्या आधी घ्यायचं, आणि काडी कोरडी न ठेवता ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये, म्हणजे लॅबला पोचेपर्यंत जंतू टिकवणाऱ्या जेलीत खुपसायची. झाडाखाली प्लास्टिक अंथरून ताजी विष्ठा कशी गोळा करतात तेही सांगितलं, पहाटे, वटवाघळं परतल्यावर. तो म्हणाला, मी गोळा करतो हो मॅडम, पण लावणार कुठे आणि पैसे कोण देणार? वटवाघळांचे नमुने बायोसेफ्टी कॅबिनेटशिवाय, म्हणजे जंतू बाहेर उडू न देणाऱ्या बंदिस्त कपाटाशिवाय, उघडायचे नाहीत, ते आमच्याकडे आहे, पण आमच्या मॅनेजमेंटची परवानगी लागेल आणि एका नमुन्याचा खर्च काही शे रुपयांच्या घरात जाईल. मी अर्ज लिहून दिलाय. आमच्या लॅबमधल्या मॅडमनी त्यावर सही केली आहे, पुढची सही बाकी आहे.